जुन्या जिप्सीला परवडणारा डिफरन्शियल लॉक: पुढे बसवावा की मागे?

लालमाती (धागाकर्ता)

माझ्याकडे कापडी टपाची जुनी जिप्सी किंग आहे. सोमवार ते शुक्रवार ती बेळगावात कामावर जाते आणि शनिवारी दुपारी जांबोटीच्या पलीकडे असलेल्या आमच्या शेताकडे निघते. डांबर संपल्यावरचे शेवटचे तीन किलोमीटर म्हणजे लाल माती, मध्येच उघडा पडलेला जांभा आणि दोन ओढे. उन्हाळ्यात हा रस्ता कोणतीही लहान गाडी पार करते. पण मिरगाचा पाऊस लागला आणि नट्टीचे, म्हणजे भातलावणीचे, ट्रॅक्टर फिरू लागले की चाकोऱ्या इतक्या खोल होतात की दूधवाल्याची मोटारसायकलसुद्धा बांधावरून जाते.

अडचण नेमकी कुठे येते ते सांगतो. दुसरा ओढा ओलांडल्यावर जांभ्याची एक पायरी तिरकी पडलेली आहे. तिच्यावर गाडी चढवली की पुढचे उजवे आणि मागचे डावे चाक एकाच वेळी अधांतरी होते. फोर-व्हील लो (चारही चाकांना कमी वेगात जास्त जोर) टाकलेले असले तरी ही दोन चाके गरगर फिरत राहतात, उरलेली दोन दगडाला धरून नुसती बसतात आणि गाडी जागची हलत नाही. गेल्या आषाढात वडील बरोबर होते. ते खाली उतरले, फिरणाऱ्या चाकाकडे थोडा वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "ज्याला काम नाही ते पळतंय, आणि ज्याला काम आहे ते बसलंय." डिफरन्शियलची, म्हणजे एक्सलवरच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गियरपेटीची, याहून नेमकी व्याख्या मी अद्याप वाचलेली नाही.

ही दोन चाके एकमेकांना बांधणारा, मजुरीसह पन्नास हजारांच्या आत बसेल असा लॉक सुचवावा, ही विनंती. दोन गोष्टी आधीच सांगून ठेवतो. महिन्यातून एकदा बायको-मुलांना घेऊन चोर्ला घाटाने गोव्याला जाणे होते, आणि माझ्या गाडीला पुढे हाताने फिरवायचे फ्री-व्हील हब (चाक एक्सलला जोडणारे-सोडणारे) आहेत.

नंदगडचा शेतकरी

लालमाती, आधी शेजारच्या एखाद्या ट्रॅक्टरवर चढून ड्रायव्हरच्या उजव्या टाचेजवळ पाहा. तिथे एक लहान पेडल असते. चिखलणी करताना मागचे एक चाक खड्ड्यात जाऊन फिरू लागले की आम्ही ते टाचेने दाबतो, दोन्ही चाके एकमेकांना बांधली जातात, ट्रॅक्टर बाहेर येतो आणि पाय काढला की लॉक सुटतो. तुम्ही ज्याच्यासाठी पन्नास हजार घालायला निघाला आहात, ते आमच्याकडे ट्रॅक्टरसोबत फुकट येते.

मात्र याच पेडलने मला एकदा चांगलाच धडा दिला आहे. चिखल भरल्यामुळे पेडल खालीच अडकून राहिले होते आणि माझ्या ते लक्षात आले नाही. बांधाजवळ येऊन स्टीअरिंग पूर्ण वळवले, पुढची चाके आडवी झाली, तरी ट्रॅक्टर सरळच गेला आणि शेजाऱ्याचा बांध दोन हात फोडून थांबला. मागची दोन्ही चाके सारख्याच वेगाने फिरायचा हट्ट धरून बसली, की पुढच्या चाकांचे ती ऐकत नाहीत. म्हणून माझे मत असे की जे हवे तेव्हा लावता येते आणि नको तेव्हा सोडता येते, तेच घ्यावे.

उद्यमबागेतला फिटर

नंदगडच्या काकांनी मूळ मुद्दा सांगितलाच आहे; त्याला मी थोडा हिशेब जोडतो.

साधा, म्हणजे ओपन डिफरन्शियल दोन्ही चाकांना नेहमी सारखाच टॉर्क देतो. चूक त्याची एवढीच की हवेतले चाक जितका टॉर्क घेऊ शकते तितकाच तो दुसऱ्यालाही देतो. हवेतल्या चाकाला फिरायला समजा 20 न्यूटन-मीटर पुरत असतील, तर दगडावरच्या चाकालाही तेवढेच 20 मिळतात, आणि तेवढ्यात हजार किलोच्या घरातली जिप्सी हलत नाही. दोन्ही चाके एकमेकांना बांधली की दगडावरच्या चाकाला त्याची पकड पेलेल तितका टॉर्क मिळू शकतो. पण डिफरन्शियल मुळात कशासाठी आहे, हेही विसरू नये. जिप्सी किंगच्या डाव्या-उजव्या चाकांमधले अंतर साधारण 1.3 मीटर आहे. दहा मीटर त्रिज्येच्या वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा सुमारे 14 टक्के अधिक अंतर कापावे लागते. बांधलेली चाके हा फरक डांबरावर टायर घासून आणि एक्सलला पीळ देऊन भरून काढतात.

बाजारातले प्रकार असे आहेत. ऑस्ट्रेलियाच्या एआरबीचा एअर लॉकर हवेच्या दाबावर चालतो; त्याला कॉम्प्रेसर, सोलेनॉइड (विजेवरचा व्हॉल्व्ह) आणि हौसिंगच्या, म्हणजे एक्सलच्या पेटीच्या, आतपर्यंत जाणारी बारीक नळी लागते. ईटनचा ई-लॉकर विजेवर चालतो. हे दोन्ही बटण दाबून लावता-सोडता येतात आणि दोन्ही तुमच्या मर्यादेबाहेर जातात, कारण अमेरिकेतच एअर लॉकर 1000 डॉलरच्या पुढे असतो आणि त्यावर कॉम्प्रेसर, वाहतूक व कस्टम्स यांची भर पडते. डेट्रॉइट लॉकर आपोआप लागतो-सुटतो, दणकट आहे, पण त्यासाठी आतली संपूर्ण केज (गियर धरणारा सांगाडा) बदलावी लागते आणि क्राऊन व टेल पिनियन या मुख्य गियरजोडीची मांडणी शिम (पातळ चकत्या) लावून नव्याने करावी लागते. सगळ्यांत स्वस्त ते लंचबॉक्स लॉकर. लॉक-राइट, ऑसी, स्पार्टन ही त्यांतली परिचित नावे. जेवणाच्या डब्यात मावतील एवढेच भाग असतात. केज आणि क्राऊन तेच राहतात. आतले सन गियर आणि स्टार गियर काढून त्यांच्या जागी दातेरी तुकडे, पिना आणि स्प्रिंगा बसतात. अमेरिकेत त्यांची किंमत साधारण 300 डॉलरच्या घरात असते, त्यामुळे सगळे चार्ज धरूनही ते तुमच्या आवाक्यात येतील.

मी मुद्दाम लिमिटेड स्लिपचे, म्हणजे चाकांना अर्धवटच बांधणाऱ्या प्रकाराचे, नाव घेतले नाही. क्लच-प्लेटांचा लिमिटेड स्लिप डिफरन्शियल निसरड्या रस्त्यावर उत्तम काम करतो, पण एक चाक पूर्ण हवेत गेले की त्याची मदत फार थोडी उरते, आणि तुमची पायरी तर चाक हवेतच उचलते.

चंदगडी

सर्वांत स्वस्त उपाय अजून कुणी सांगितला नाही, म्हणून मीच सांगतो, आणि तो करू नये एवढ्याचसाठी सांगतो. आमच्या भागातल्या एका गॅरेजवाल्याने, त्याचे नाव इथे नको, माझ्या जुन्या डिझेल जीपचे स्टार गियर सन गियरांना सरळ वेल्डिंग करून टाकले. खर्च अडीच हजार. त्या पावसाळ्यात तिलारीच्या बाजूच्या चढांवर जीप बकरीसारखी चढली आणि मी येणाऱ्या-जाणाऱ्याला ते कौतुकाने दाखवले.

त्यानंतर डांबरावर प्रत्येक वळणाला मागच्या टायरांचा चर्र आवाज येऊ लागला आणि नवे टायर सहा महिन्यांत गुळगुळीत झाले. मग दिवाळीच्या आदल्या दिवशी, पाटण्याच्या फाट्यावर वळताना, मागून हातोडा मारल्यासारखा आवाज झाला. वेल्डिंगचा एक तुकडा सुटून क्राऊन आणि पिनियनच्या मध्ये गेला होता. हौसिंग उघडल्यावर तेलाबरोबर क्राऊनचे तीन दात चाळणीत आले. गियरच्या कडक केलेल्या पोलादावर वेल्डिंग भरवशाने धरत नाही आणि त्याच्या भोवतीचा भाग ठिसूळ होतो, हे मला नंतर कळले. अडीच हजारांत भागवायला जाऊन क्राऊन-पिनियनचा अख्खा जोड घ्यावा लागला. फक्त शेतात राहणारी, डांबराला कधीच न लागणारी गाडी असेल तर कुणी काय करावे तो त्याचा प्रश्न आहे. मुलांना घेऊन घाटात जाणाऱ्या गाडीत मात्र हे कदापि करू नये.

निपाणीची थार

माझ्या थारला मागे कंपनीकडूनच मेकॅनिकल लॉकिंग डिफरन्शियल मिळाला आहे. त्याला बटण नाही आणि तारही नाही. मागच्या दोन चाकांच्या फिरण्यात मोठा फरक पडला, म्हणजे एक चाक दुसऱ्यापेक्षा मिनिटाला साधारण शंभर फेरे अधिक फिरू लागले, की आतली वजने बाहेर फेकली जातात, खटका पडतो आणि चाके बांधली जातात. वेग साधारण ताशी 30 किलोमीटरच्या वर असेल तर तो लागतच नाही, त्यामुळे हायवेवर त्याची भीती राहत नाही. लागताना मात्र एक धक्का बसतो. बायकोने पहिल्यांदा तो ऐकला तेव्हा काहीतरी तुटले असेच तिला वाटले होते.

नव्या थारमध्ये याच्या जोडीला ब्रेकने चाक आवळणारी यंत्रणा आहे, आणि जिम्नीतही तशीच आहे. फिरणाऱ्या चाकाला संगणक ब्रेक लावतो आणि डिफरन्शियलला फसवून दुसऱ्या चाकाला टॉर्क द्यायला लावतो. जिप्सीला हे शक्य नाही. परंतु लालमाती, तुमचा हँडब्रेक मागच्या चाकांच्या ड्रमवर काम करत असेल तर तीच युक्ती हाताने करून पाहता येते. पायरीवर अडकल्यावर हँडब्रेक दोन-तीन दात ओढा आणि एक्सिलरेटर हळूच वाढवा. फिरणारे चाक आवळले जाते आणि काही वेळा तेवढ्यावर गाडी सुटते.

चंदगडी

निपाणीकर, युक्ती बरोबर आहे, पण जुन्या जिपांच्या मालकांनी आधी खाली वाकून पाहावे. हँडब्रेकचा ड्रम प्रॉपेलर शाफ्टवर असेल तर तो ओढल्याने दोन्ही चाकांकडे जाणारा शाफ्टच आवळला जातो आणि त्याचा काही उपयोग होत नाही. मी हे दहा मिनिटे करत बसलो होतो.

लालमाती

सर्वांचे आभार. नंदगडच्या काकांचा प्रतिसाद वाचल्यावर मी गेल्या पावसाळ्यातली वही काढली. गाडी अडकली की तारीख आणि कारण लिहून ठेवायची मला सवय आहे. घरचे त्यावर हसतात. एकूण नऊ नोंदी आहेत. त्यांपैकी चार वेळा मागच्या डिफरन्शियलचा गोळा चाकोऱ्यांमधल्या उंचवट्यावर टेकला होता, म्हणजे गाडी पोटावर बसली होती. दोनदा टायरच्या नक्षीत माती भरून टायर गुळगुळीत झाले होते. तीन वेळा गाडी पायरीवर तिरकी अडकली होती, चाके हवेत.

म्हणजे लॉक असता तरी नऊपैकी तीनच वेळा नक्की उपयोग झाला असता. हे लिहिताना थोडे ओशाळल्यासारखे वाटते, कारण मनात लॉक आधीच बसवून झाला होता.

शिवाय एक प्रश्न. आपल्या बेळगावात क्रँकशाफ्ट होतात, पंपांची कास्टिंगे होतात, हायड्रॉलिकचे बारीक काम होते. मग लंचबॉक्स लॉकरचे ते चार दातेरी तुकडे उद्यमबागेतल्या कारखान्यांतच का करून घेऊ नयेत? एक नमुना आणला तर दहा जणांचे काम होईल.

उद्यमबागेतला फिटर

वहीबद्दल आधी बोलतो. पोटावर बसलेल्या गाडीला कोणताही लॉक उचलत नाही, कारण तिचे वजनच चाकांवर उरलेले नसते. तिथे फावडे, जॅक आणि एक फळी लागते. मातीने भरलेल्या टायरच्या दोन नोंदींना मड टायर आणि कमी हवा हे उत्तर आहे. डांबर संपल्यावर हवा 18 ते 20 पौंडांपर्यंत उतरवली की टायरचा पाय रुंद पडतो. परत येताना पायपंपाने किंवा सिगारेट लायटरवरच्या छोट्या कॉम्प्रेसरने भरून घ्यायची. हे आधी करावे, त्याला फार खर्च येत नाही.

आता उद्यमबागेचा प्रश्न. हा प्रश्न मला वर्षातून दोनदा तरी विचारला जातो आणि प्रत्येक वेळी मलाही मोह होतो. आकार काढणे अवघड नाही. नमुना सीएमएम या मोजणी यंत्रावर मोजला, वायरकट आणि मिलिंग केले, की दिसायला हुबेहूब तुकडा तयार होतो. खरी अडचण न दिसणाऱ्या गोष्टींत आहे. हे दात एकमेकांवर आपटत, सुटत, पुन्हा बसत काम करतात. त्यासाठी वरचा थर काचेसारखा कठीण आणि आतला गाभा चिवट असावा लागतो. गियरसाठी वापरतात ते ईएन 353 किंवा 20 एमएनसीआर 5 असे पोलाद घेऊन, कार्बुरायझिंग करून (भट्टीत वरच्या थरात कार्बन मुरवून), वरची कठिणता रॉकवेल सी मापाने 58 ते 62 पर्यंत न्यावी लागते. थराची खोली कमी पडली तर दात दबतात, अधिक झाली तर खपल्या उडतात, आणि भट्टीतून काढताना तुकडा वाकला तर सगळे माप जाते. दहा नगांसाठी ही भट्टी जुळवत बसायला कुणी तयार होत नाही, आणि जो पटकन "करतो की" म्हणेल त्याच्यापासून दूर राहावे, कारण तुटलेला तुकडा कुठे जातो ते चंदगडींनी सांगितलेच आहे. आपल्याकडे हे होणार नाही असे मी म्हणत नाही. दहा नगांत, पन्नास हजारांत होणार नाही, एवढेच म्हणतो.

घाटवाट

मी मागच्या एक्सलला लंचबॉक्स लॉकर लावून तीन पावसाळे काढले आहेत, आणि माझीही गाडी जिप्सीच आहे. म्हणून अनुभव सविस्तर लिहितो.

मातीत त्याला तोड नाही. कणकुंबीच्या पुढे मोसमी पावसात रस्त्याच्या कडेला उतरलेली गाडी परत वर घेणे ही पूर्वी अर्ध्या तासाची कटकट होती, ती संपली. पण चोर्ला घाट उतरताना हे प्रकरण काय असते ते नीट ऐका. हा लॉकर वळणावर आपोआप सुटतो हे खरे, पण पायाने एक्सिलरेटर दाबला की तो पुन्हा बांधायला बघतो आणि सोडला की सुटायला बघतो. जिप्सीचा व्हीलबेस 2375 मिलिमीटरचा आहे, गाडी हलकी आहे. वळणाच्या मध्यावर एक्सिलरेटर सोडला तर मागून कुणी हलकेच ढकलल्यासारखी ती एक वीत बाजूला सरकते. कोरड्यावर सवय होते. ओल्या डांबरावर, समोरून ट्रक येत असताना, त्या एका वितीने माझ्या तळहातांना घाम आणला आहे. त्यानंतर बायकोच्या हाती मी ही गाडी घाटात दिलेली नाही, आणि ज्या गाडीची चावी घरातल्या दुसऱ्या माणसाला निर्धास्तपणे देता येत नाही, ती घरची गाडी म्हणायची का, हा प्रश्न माझ्यापुढे आजही आहे.

गल्लीत वळताना टक्-टक् आवाज येतो तो वेगळाच. आमचे मेस्त्री पहिल्या फेरीला शेजारी बसले होते; प्रत्येक वळणाला ते कन्नडमध्ये "स्वल्प निधान" (जरा हळू) म्हणत होते, आणि तेवढाच सल्ला आजवर उपयोगी पडला आहे.

निपाणीची थार

मग पुढे का बसवू नये? लालमातींच्या गाडीला हाताने सोडता येणारे हब आहेत. हब सोडले की पुढची चाके एक्सलपासून मोकळी होतात. पुढच्या डिफरन्शियलमध्ये काहीही बसवलेले असले तरी डांबरावर ते निवांत पडून राहील आणि घाटात गाडी आज चालते तशीच चालेल. नंदगडच्या काकांना हवे असलेले पेडल इथे हबच्या रूपाने आपोआप मिळते.

उद्यमबागेतला फिटर

निपाणीकरांचा मुद्दा पटण्यासारखा आहे. सर्वसाधारण सल्ला "आधी मागे, मग पुढे" असाच दिला जातो, कारण चढावर वजन मागे सरकते आणि पकड मागच्या चाकांना असते. पण तो सल्ला बटणाच्या लॉकरसाठी ठीक आहे. ज्याला बटण परवडत नाही आणि ज्याची गाडी पाच दिवस डांबरावर असते, त्याच्यासाठी पुढचा लंचबॉक्स अधिक शहाणपणाचा वाटतो.

त्याचे तोटे मात्र ऐकून ठेवा. फोर-व्हीलमध्ये स्टीअरिंग जड होते आणि वळायला अधिक जागा लागते. पुढच्या चाकाजवळचा बर्फील्ड जॉइंट (वळलेल्या चाकालाही फिरवणारा सांधा) हा या गाड्यांचा कच्चा दुवा आहे. स्टीअरिंग शेवटपर्यंत वळवलेले, चाक दगडात अडकलेले आणि लोमध्ये एक्सिलरेटर दाबलेला, अशा वेळी पूर्वी ओपन डिफरन्शियल चाक फिरवून जोर सोडून देत असे. आता तो सगळा जोर एका जॉइंटवर येईल. चाके सरळ असतील तेव्हाच जोर लावावा. आणि एक बारीक गोष्ट: ओपन डिफरन्शियल असताना एकच हब लावला तर पुढून ओढ मिळतच नाही, लॉकर असताना एकच हब लावला तर सगळी ओढ त्या एका चाकाला मिळते आणि गाडी एका अंगाला खेचते. म्हणून हब लावायचे तर दोन्ही, आणि उतरून स्वतः हात लावून पाहायचे.

मागवण्यापूर्वी एक्सलच्या स्प्लाइन (टोकावरचे दाते) प्रत्यक्ष मोजा. "जिप्सीला बसतो" एवढ्या शब्दावर पैसे पाठवू नका. वर्षानुवर्षांच्या गाड्यांत कुणी कुठला एक्सल घातला आहे ते सांगता येत नाही.

घाटवाट

दोन गोष्टींची भर घालतो. विमा कंपनीला आधी ईमेलने कळवून उत्तर जपून ठेवावे. मोटार वाहन कायद्याचे कलम 52 आणि 2019 च्या जानेवारीतला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल नोंदणीपुस्तिकेतल्या तपशिलाशी विसंगत बदलांविषयी आहे. आतल्या गियरचा उल्लेख त्या पुस्तिकेत नसतो, पण अपघातानंतर वाद घालण्यापेक्षा आधी विचारलेले बरे. दुसरे असे की लॉक बसला म्हणून कुणी भीमगडच्या हद्दीत गाडी घालू नये. ते 2011 पासून अभयारण्य आहे आणि तिथल्या चाकोऱ्या आपल्या हौसेसाठी नाहीत.

लालमाती

निर्णय झाला. मड टायर आधी घेतले. त्यानंतर पुढच्या एक्सलसाठी लंचबॉक्स मागवला. स्प्लाइन स्वतः मोजून, फोटो पाठवून. कस्टम्स, कुरिअर आणि मजुरी धरून हिशेब मर्यादेच्या आतच राहिला, फार आत नाही.

बसवताना मी दिवसभर मेस्त्रींजवळ स्टुलावर बसून होतो. जिप्सीचा डिफरन्शियल हौसिंगमधून अख्खा निघतो, त्यामुळे काम टेबलावर झाले. जुने सन गियर केरोसिनमध्ये धुऊन ठेवले आहेत. उद्या लॉक काढावासा वाटला तर ते परत बसतील. मेस्त्रींनी क्रॉस-पिन नखाने चाचपली, तिला बारीक खाच लागली, म्हणून नवी घातली, कारण आता सगळा भार तिच्यावर येणार. आतले दोन दातेरी तुकडे बसल्यावर त्यांच्या मधले अंतर मोजले. ते पुस्तिकेप्रमाणे चार मिलिमीटरच्या आसपास हवे होते. पहिल्यांदा ते जास्त भरले, मग झिजलेले वॉशर बदलल्यावर बसले. दुसऱ्या एखाद्या मेस्त्रीने "एवढ्याने काय होतंय" म्हटले असते. आमच्यांनी म्हटले नाही.

शेवटी पुढची दोन्ही चाके जॅकवर उचलून, हब लावून, गाडी गियरमध्ये आणि फोर-व्हीलमध्ये ठेवून तपासणी केली. दोन्ही चाके एकाच दिशेला ढकलली तर ती हलत नव्हती. मग मी उजवे चाक मागच्या बाजूला दाबून धरले आणि मेस्त्रींनी डावे पुढे फिरवले. तेव्हा सायकलच्या फ्रीव्हीलसारखा, पण जड, टक्-टक्-टक् आवाज करत ते फिरले. दिशा बदलून, बाजू बदलून पुन्हा तसेच. चारही वेळा आवाज आला तेव्हा मेस्त्री "साकु" (पुरे) म्हणाले आणि हात पुसायला गेले.

नंदगडचा शेतकरी

पायरीचे काय झाले ते सांगा. वॉशरचे नंतर.

लालमाती

काका, गणपतीच्या आदल्या शनिवारी गेलो. टायरची हवा 18 पौंडांवर उतरवली, दोन्ही हब हाताने लावले, ओढा ओलांडल्यावर थांबून लो टाकला आणि पहिल्या गियरमध्ये, चाके सरळ ठेवून, पायरीवर घेतली. मागचे डावे चाक पूर्वीसारखेच उचलले आणि हवेत फिरू लागले, ते अपेक्षितच होते. पुढचे उजवेही सुटले, पण या वेळी पुढच्या डाव्याने दगड धरला, गाडी क्षणभर थरथरली आणि वर आली. एक्सिलरेटर वाढवावा लागला नाही.

पलीकडच्या उभ्या चढावर मात्र फारसा फरक जाणवला नाही, कारण तिथे वजन मागे जाते आणि मागचा डिफरन्शियल ओपनच आहे. तो चढ पूर्वी जसा टायरच्या जोरावर होत होता तसाच झाला. शेतात गाडी फिरवताना स्टीअरिंग इतके जड लागले की शेवटी थांबून टू-व्हील हाय टाकले, तेव्हा वळली. दुसऱ्या आठवड्यात हब सोडून घाट केला. बायकोने गाडी चालवली आणि तिला लॉक बसवल्याचे कळलेही नाही.

पाचशे किलोमीटर झाले की पुढचे तेल काढणार आहे. जीएल-5 दर्जाचे 80-डब्ल्यू-90 घातले आहे, आणि ड्रेनचा नट चुंबकाचा आहे. त्यावर बारीक कीस असेल तर तो नव्या दातांचा समजू. कणी हाताला लागली तर फोटो इथेच टाकेन.